भिजायचं, चिखल तुडवायचा आणि पबमध्ये जेवायचं: इंग्लंडमधल्या पहिल्या वॉकची तयारी

इंग्लंडमध्ये येऊन थोडे दिवस झाले की ऑफिसमधलं नाहीतर युनिव्हर्सिटीतलं कुणीतरी विचारतंच: रविवारी वॉकला येतोस का, शेवटी पबमध्ये जेवू. नव्या माणसाला यातलं जेवण तेवढं नीट कळतं. बाकीचं, म्हणजे शेताशेतांतून आठ-दहा किलोमीटर, तेही पावसात, आणि एवढं करून त्याला कुणी ट्रेक म्हणत नाही, हे तिथे गेल्यावर कळतं. पाऊस आहे म्हणून बेत रद्द होईल या आशेवर झोपून राहू नका. वादळाचा इशारा असेल तर रद्द होतो, साध्या पावसासाठी नाही.

आपल्यातले बरेच जण मनात म्हणतात, पावसाचं आम्हाला काय सांगता, आम्ही भर जुलैत राजमाची केलाय. गफलत तिथेच होते. आकड्यांत बघितलं तर इथला पाऊस किरकोळ आहे. लंडनला वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर पडतो. मुंबईत एकट्या जुलैत त्याहून जास्त. पावसासाठी बदनाम झालेल्या मँचेस्टरचा वर्षाचा आकडाही हजाराच्या आतच आहे. पण सह्याद्रीतला पाऊस कोमट. चिंब भिजलं तरी चालत राहिलं की अंग गरम राहतं, आणि खाली उतरून टपरीवर गरम भजी खाल्ली की भिजल्याचं काही वाटत नाही. इथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा सात-आठ अंशांवर, वर वारा, आणि पाऊस म्हणजे सर नव्हे, तासन्‌तास चालणारी भुरभुर. छत्री उघडावीशी वाटू नये इतकी बारीक, आणि दोन तासांनी बघावं तर आतला बनियन ओला. म्हणून इथली तयारी पावसाशी कमी आणि गारठ्याशी जास्त करायची असते.

वॉक कुठला निवडायचा

ओळखीच्या लोकांनी बोलावलं असेल तर प्रश्नच नाही. कुणी बोलावत नसेल तर रँबलर्स ही १९३५ पासूनची संस्था आहे, तिच्या शाखा देशभर आहेत आणि सदस्य होण्याआधी त्यांच्यासोबत चालून बघता येतं. त्यांच्या प्रत्येक वॉकपुढे अवघडपणाची श्रेणी लिहिलेली असते. पहिल्यांदा 'ईझी' किंवा 'लेझरली' बघा. 'मॉडरेट' हा शब्द दिसायला साधा आहे, पण त्यात चालायची सवय असलेली साठी-सत्तरीची मंडळी असतात आणि ती थांबत नाहीत. चढावर त्यांच्या मागे धापा टाकताना आपलं वय फार जाणवतं. अंतर मैलांत दिलेलं असतं. पाच-सहा मैल, म्हणजे आठ ते दहा किलोमीटर, पावसाळी दिवसाला भरपूर झाले.

स्वतःच चार-पाच जण जमवून जायचं असेल तर स्टेशनला लागून असलेला रस्ता निवडा. गाडी नसलेल्यांसाठी हे सोयीचं आहेच, शिवाय पबमध्ये कुणालाच 'मला गाडी चालवायची आहे' म्हणून बसून राहावं लागत नाही. तीन ते नऊ जणांनी गर्दीची वेळ टाळून एकत्र तिकीट काढलं तर बऱ्याच रेल्वे कंपन्या 'ग्रुपसेव्ह'मध्ये एक तृतीयांश सूट देतात. शनिवारी रात्री मात्र गाड्या पुन्हा तपासा. रूळदुरुस्तीची सगळी कामं रविवारीच निघतात, आणि खेडेगावातल्या बस तर रविवारी बऱ्याचदा नसतातच.

लंडनकरांना मेरिलबोन स्टेशनहून वेंडोव्हर गाव तासाभराच्या आत आहे. तिथून कूम हिलवर चढायचं. उंची जेमतेम २६० मीटर, माथ्यावर बोअर युद्धात गेलेल्या बकिंगहॅमशायरच्या सैनिकांचं १९०४ सालचं स्मारक. स्वच्छ दिवशी लांबवर दिसतं, पावसात काही दिसत नाही, पण चिल्टर्न टेकड्यांतली बीच नावाच्या झाडांची दाटी भुरभुर बऱ्यापैकी अडवते. सरेमधला बॉक्स हिलही सोयीचा. फक्त तिथली मोल नदीवरची पावलादगडांची वाट पाणी वाढलं की बुडते, अशा वेळी हिरोगिरी न करता जवळच्या पुलावरून जा.

पण पहिल्या वॉकसाठी माझं मत मागितलंत तर मी ईडेल सांगेन. मँचेस्टर आणि शेफील्ड यांच्यामध्ये, दोन्हीकडून तासाभराच्या आत, पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागाच्या पोटात. स्टेशनवर उतरलं की रस्ता सरळ गावात जातो आणि गावाच्या टोकाला ओल्ड नॅग्ज हेड नावाचा पब आहे. इंग्लंडची प्रसिद्ध लांब पायवाट, पेनाइन वे, अधिकृतपणे त्याच्या समोरून सुरू होते आणि ४३१ किलोमीटर चालून स्कॉटलंडमध्ये संपते. आपल्याला तिचा पहिला तुकडाच हवा आहे: कुरणांतून अप्पर बूथच्या वाडीपर्यंत, तिथून ओढ्याकाठाने जेकब्स लॅडर नावाच्या चढाच्या पायथ्याच्या दगडी पुलापर्यंत, आणि त्याच वाटेने परत. जाऊन-येऊन साधारण नऊ किलोमीटर, चढ फारसा नाही, वाट ठळक. पुलाच्या पलीकडे वाट किंडर स्काउटच्या पठारावर चढते. पावसाळी दिवशी नव्यांनी तिकडे जाऊ नये. वर ६३६ मीटरपर्यंत उंची, काळी दलदलीची पीटमाती, आणि धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही.

वेळेचं गणित पबपासून मागे करा

नवे लोक किती वाजता निघायचं ते आधी ठरवतात. जुने लोक पबचं स्वयंपाकघर कधी बंद होतं ते आधी बघतात. गावातले बरेच पब दुपारचं जेवण दोन-अडीचपर्यंतच देतात, मग थेट संध्याकाळी सहाला. मधल्या वेळात पब उघडा असतो, बिअर मिळते, शेकोटीही पेटलेली असते, पण खायला बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट. नऊ किलोमीटर पावसात चालून आल्यावर त्या पाकिटाकडे बघणारे चेहरे बघवत नाहीत. काही पब सोमवारी-मंगळवारी बंदच असतात, आणि वेबसाइटवर लिहिलेली वेळ खरी असेलच असं नाही. दोन दिवस आधी फोन करा: आम्ही इतके जण, वॉक करून येतोय, बूट चिखलाचे असतील, चालेल का. सहाच्या वर माणसं असतील तर टेबल राखून ठेवायला सांगाच, रविवारी तर नक्की.

आता मागे मोजा. चालायच्या वेळेसाठी इथे नाइस्मिथचा नियम वापरतात. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला: तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. आपल्या मापात ताशी पाच किलोमीटर, वर दर १०० मीटर चढाला दहा मिनिटं. ईडेलच्या नऊ किलोमीटरना पावणेदोन तास, दोनशे मीटरच्या आसपास चढ धरून वीस मिनिटं, म्हणजे दोन तास पाच-दहा मिनिटं. हा हिशोब सुक्या वाटेवरच्या, न थांबणाऱ्या, सडपातळ स्कॉटिश माणसाचा. आपला गट म्हणजे प्रत्येक फाटकापाशी रांग, कुणाची लेस सुटलेली, कुणाला रेनकोट घालायचाय, कुणाला मेंढीसोबत फोटो हवाय. त्यात चिखल. दीडपट वेळ धरा: सव्वातीन तास. सव्वा वाजता पब गाठायचा तर दहाला चालायला सुरुवात. दीडपर्यंत ऑर्डर गेली की जिवाला शांतता.

हिवाळ्यात दुसरी वेळही मोजावी लागते, सूर्यास्ताची. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, आणि डिसेंबरात लंडनला चारच्या आधीच सूर्य मावळतो. ढगाळ दिवशी साडेतीनलाच दिवेलागण. जेवण झाल्यावर 'थोडं अजून चालू' म्हणणाऱ्याकडे त्या महिन्यांत दुर्लक्ष करा.

अंगावर काय

जीन्स नाही. एवढं एकच ऐकलंत तरी अर्धा लेख वसूल. जीन्स पाणी पिते, जड होते, मांड्यांना गार चिकटते आणि संध्याकाळपर्यंत वाळत नाही. तसंच सुती टी-शर्टचं. आत पॉलिएस्टरचा किंवा लोकरीचा पातळ बनियन, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर वॉटरप्रूफ जॅकेट. वॉटरप्रूफ आणि 'शॉवरप्रूफ' यांत फरक आहे: शॉवरप्रूफ जॅकेट स्टेशनपासून ऑफिसपर्यंत पुरतं, चार तास पुरत नाही. दुकानात जॅकेट उलटं करून आतल्या शिवणी बघा. शिवणीवर पट्टी चिकटवलेली असेल तर पाणी आत येणार नाही, उघडी शिवण दिसली तर परत ठेवा. जॅकेटची टोपी चेहऱ्याभोवती आवळता आली पाहिजे, आणि मान वळवली की टोपीही वळली पाहिजे, नाहीतर उजवीकडे बघायला गेलात की कापडच दिसतं.

वॉटरप्रूफ पँट बहुतेक नवे लोक घेत नाहीत, आणि चालताना सगळ्यात जास्त ओली होते ती मांडी. नेहमीच्या पँटवर चढवायची असते, म्हणून पायापासून गुडघ्यापर्यंत चेन असलेली घ्या. चेन नसेल तर पावसात एका पायावर उभं राहून चिखलाचा बूट काढावा लागतो, आणि तेव्हाच सगळा गट तुमच्याकडे बघत असतो.

बुटांना नक्षी खोल हवी. वरून वॉटरप्रूफ असणं त्यानंतर. गुळगुळीत झालेले ट्रेनर, म्हणजे स्पोर्ट्स शूज, घालून ओल्या उतारावर आलात की पुढचं सगळं बसून. पीक डिस्ट्रिक्टमध्ये वाटेवर मोठ्या दगडी फरशा टाकल्यात, त्या चिखलापासून वाचवतात, पण ओल्या झाल्या की निसरड्या होतात. पाय सपाट टाका, टाच आधी नको. रबरी गमबूट सपाट शेतात मैलभर ठीक, सहा मैलांत ते पोटऱ्या सोलतात. मोजे लोकरीचे, आणि एक जोड जास्तीचा, पिशवीत बांधून सॅकमध्ये. तो पबसाठी.

हातमोजे आणि कानटोपी मे-जूनमध्येही सोबत असू द्या. कुणी हसत नाही, तेही आणतात. छत्रीचं विचाराल तर चिल्टर्न्सच्या झाडीतल्या रुंद वाटेवर खुशाल उघडा, डोंगरधारेवर उलटी होईल.

पहिल्याच वॉकसाठी मोठा खर्च करू नका. डेकॅथलॉनचं साधं जॅकेट आणि पँट पुरते, चॅरिटी शॉपमध्ये कधीकधी चांगले बूट मिळतात. आवडलं तर पुढे आहेच.

सॅकमध्ये

सॅकला बाहेरून घालायचं कव्हर मिळतं, पण वाऱ्यात ते फुगतं आणि पाठीकडून पाणी आत येतंच. कचऱ्याची जाड काळी पिशवी सॅकच्या आत अस्तरासारखी घाला आणि सगळं सामान त्यात ठेवा. एक सुका फ्लीस, मोजे, टॉर्च, शिट्टी, थर्मासमध्ये चहा, पाणी. फोनची बॅटरी गारठ्यात भराभर उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात, अंगाजवळ. ईडेलसारख्या दऱ्यांत नेटवर्क जातं-येतं, नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. गटात एकाकडे तरी ऑर्डनन्स सर्व्हे या राष्ट्रीय नकाशा संस्थेचा कागदी नकाशा हवा: केशरी कव्हरचा 'एक्सप्लोरर', त्यात चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. ईडेलसाठी 'ओएल १' क्रमांकाचा. पायवाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात आणि पबच्या जागी निळा बिअरचा मग. नकाशा वाचायला शिकायचा तर त्या मगापासून सुरुवात करायला हरकत नाही.

खाण्यात सँडविच पावसात लगदा होतं. शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, थेपले यांना पाऊस काही करत नाही, शिवाय हातमोजे न काढता खाता येतात. चार जास्तीचे न्या, पहिल्याच फाटकापाशी चिक्कीची ओळख सगळ्यांना होईल. हे सगळं वाटेत संपवा. पबच्या टेबलावर घरचा डबा उघडायचा नाही, ते तिथे वाईट दिसतं.

वाटेवर

पहिल्यांदा जाणाऱ्याला विचित्र वाटतं ते हे, की वाट सरळ कुणाच्यातरी शेतातून, कधी तर अंगणातून जाते आणि कुणी हटकत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा हक्काच्या वाटा सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास आहेत. मालक जमिनीचा, वाट लोकांची. खांबावर पिवळा बाण असेल तर ती फक्त पायी जायची. निळा बाण असेल तर घोडे आणि सायकलीही येतात, घोडा दिसला की बाजूला उभे राहा आणि शांत राहा. मोकळ्या माळांवर मात्र पूर्वी असं नव्हतं. २४ एप्रिल १९३२ ला काही शे कामगार किंडर स्काउटवर मुद्दाम घुसले, शिकारीसाठी राखलेल्या माळावर चालायचा हक्क मागायला. त्यातल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, आणि मोकळ्या माळांवर वाट सोडून चालायचा हक्क कायद्याने यायला २००० साल उजाडलं. ईडेलला चालताना डोक्यावर उजवीकडे जो धुक्यातला डोंगर असतो, तोच हा.

कुंपणं ओलांडायच्या दोन तऱ्हा. एक स्टाइल: कुंपणाच्या आरपार टाकलेल्या दोन लाकडी पायऱ्या आणि धरायला खांब. ओल्या लाकडावर शेवाळ असतं. तोंड कुंपणाकडे ठेवून शिडीसारखे उतरा, पाठ करून नाही. दुसरं किसिंग गेट: अर्धगोल कठड्यात झुलणारं छोटं फाटक, एका वेळी एकच माणूस. फाटक पुढे ढकलायचं, कठड्याच्या कोपऱ्यात सरकायचं, फाटक आपल्या मागून फिरवायचं, मग बाहेर. मोठी सॅक असेल तर ती आधी काढून वरून पलीकडच्याकडे द्या, नाहीतर अडकाल. आणि पाय नेमके जिथे टाकायचे तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी खोदलेलं चिखलाचं डबकं असतं. खोली किती ते पुढच्या माणसाच्या बुटावरून ओळखा.

साधं फाटक जसं सापडलं तसं सोडायचं. बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडंच. शेतकऱ्याने गुरं पाण्यावर जावीत म्हणून उघडं ठेवलेलं असू शकतं. गटात चालताना प्रत्येकाला वाटतं मागचा लावेल. म्हणून सुरुवातीलाच एक जण शेवटचा ठरवा. इथे त्याला बॅकमार्कर म्हणतात. तो फाटकं लावतो आणि त्याच्या मागे कुणी राहत नाही. पुढच्या लीडरने दर वळणावर थांबून माणसं मोजायची. मागचे आले की लगेच निघायचं नाही, त्यांनाही दम खाऊ द्यायचा. नाहीतर सगळ्यात दमलेल्याला सगळ्यात कमी विश्रांती मिळते.

चिखलाच्या कडेने जाऊ नका. सगळे कडेने गेले की वाट रुंद होते, गवत मरतं, पुढच्या वर्षी चिखल दुप्पट. मधून जा. बूट त्यासाठीच घेतलेत.

गाई इथे आपल्यासारख्या रस्त्यावरच्या निवांत नाहीत. वासरं सोबत असली की त्या अंगावर येतात, आणि दरवर्षी माणसं जखमी होतात. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीच जायचं नाही, लांबून वळसा घ्यायचा, पळायचं नाही. गटात कुणाचा कुत्रा असेल तर तो पट्ट्यात. पण गाय धावून आलीच तर पट्टा सोडून द्या, ती कुत्र्यामागे जाते आणि कुत्रा तिच्यापेक्षा जोरात पळतो.

समोरून येणाऱ्या अनोळखी लोकांना 'मॉर्निंग' म्हणायचं. शहरात शेजारच्याशी न बोलणारा इंग्रज डोंगरात सगळ्यांशी बोलतो. टोपीवरून पाणी निथळत असतानाही कुणी 'लव्हली डे' म्हणालं तर ती चेष्टा समजा, आणि तुम्हीही तेच म्हणा. फोनच्या स्पीकरवर गाणी लावू नका.

कुणी काकडायला लागलं तर

अंग थरथरणं ही सुरुवात. खरी काळजी त्यानंतरच्या खुणांची: बोलताना जीभ जड होणं, चेन लावता न येणं, सपाट वाटेवर अडखळणं, उगाच चिडचिड, आणि 'मी ठीक आहे' म्हणत मागे पडत जाणं. अशा माणसाला आडोशाला न्या, ओला बनियन काढून सुका फ्लीस, त्यावर जॅकेट, टोपी, गरम गोड चहा, चिक्की. मग सगळ्यात जवळच्या वाटेने खाली. दारू नको, पब दिसत असला तरी नको. तिने गरम वाटतं आणि अंग आणखी गार होतं. जखमी माणूस चालूच शकत नसेल तर ९९९ ला फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. त्या तुकड्या स्वयंसेवकांच्या असतात आणि पैसे घेत नाहीत. फोन लागत नसेल तर मिनिटात सहा शिट्ट्या, मिनिटभर थांबून पुन्हा सहा.

पबच्या दारात

पब म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोरेगाव पार्क येतं: अंधार, दणदणाट, दारावर दंड फुगवून उभा बाउन्सर. गावातला पब यातलं काहीच नाही. तिथे आज्जी असतात, रांगणारी मुलं असतात, टेबलाखाली ओला कुत्रा झोपलेला असतो. दारू अठरा वर्षांपुढे, पण जेवायला घरंदाज कुटुंबं येतात, त्यामुळे आई-बाबा भारतातून आले असतील तर त्यांनाही न्यायला हरकत नाही.

दारातच बूट झाडा. लोखंडी पट्टी रोवलेली असेल तर तिच्यावर तळ खरवडा. 'मडी बूट्स वेलकम' अशी पाटी असेल तर तसेच आत. गालिचा दिसला तर बूट दारात काढून सुके मोजे घाला आणि मोज्यांवर फिरा, कुणाला वावगं वाटत नाही. ओली जॅकेटं खुर्चीवर टाकू नका, खुंटी शोधा.

टेबलावर बसून वेटरची वाट बघाल तर दिवस मावळेल. ड्रिंक्स काउंटरवर जाऊन घ्यायची, जेवणाची ऑर्डरही बहुतेक ठिकाणी तिथेच, टेबलाचा नंबर बघून. पैसे लगेच. काउंटरपाशी रांग दिसत नाही, पण असते. कोण आधी आलं हे बारमागच्या माणसाला आणि बाकी सगळ्यांना माहीत असतं. तुमच्या आधीच्याला सोडून तुम्हाला विचारलं तर त्याच्याकडे हात करून 'हे आधी' म्हणा. नोट हलवणं, चुटकी, 'बॉस' अशी हाक, यांतलं काही नको. पाणी मागितलं तर नळाचं फुकट मिळतं.

बिअर घेणार असाल तर लागरच्या, म्हणजे गार फिकट बिअरच्या, नळांऐवजी उंच लाकडी मुठींकडे बघा. ती हातपंपाची एल, म्हणजे इथली पारंपरिक बिअर, तळघरातल्या पिंपातून येते. बारमागचा माणूस मूठ लांब, सावकाश ओढतो; दोन-तीन ओढींत ग्लास भरतो, फेस काठावरून ओघळतो. ती बर्फासारखी गार नसते, ११ ते १३ अंशांवर देतात, ती बिघडलेली नाही. आधी थोडी चाखायला मागता येते. पूर्ण पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. हाफ मागण्यात काही कमीपणा नाही. न पिणाऱ्यांची संख्या प्रत्येक गटात असतेच. लाइम-सोडा, बिनदारूची बिअर, चहा, काहीही मागा. का पीत नाही हे सहसा कुणी विचारत नाही, आणि तुम्हीही कारण सांगत बसू नका.

राउंडचा प्रकार समजून घ्या. एक जण सगळ्यांची ड्रिंक्स आणतो, मग दुसरा, मग तिसरा. एकदा घेतलंत की तुमची पाळी येते, आणि पाळी चुकवणारा लोकांच्या लक्षात राहतो. बारा जणांच्या राउंडमध्ये शिरू नका. तीन-चार जणांत शिरा, किंवा सुरुवातीलाच 'मी माझं घेतो' म्हणा. लाइम-सोडा पिणाऱ्याने दहा पाइंट विकत घेण्याला काही अर्थ नाही. टिप काउंटरवर द्यायची पद्धत नाही.

शाकाहाऱ्यांनी दोन प्रश्न विचारावेत. चिप्स कशात तळल्या? काही ठिकाणी, विशेषतः उत्तरेकडे, बीफच्या चरबीत तळतात. आणि ग्रेव्ही कशाची? रविवारच्या रोस्टसोबतची, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या ताटासोबतची, ग्रेव्ही बहुधा मांसाचीच असते, भाज्यांवरही तीच ओततात, म्हणून शाकाहारी ग्रेव्ही वेगळी मागा. यॉर्कशर पुडिंग गोड नसतं, आणि त्यात अंडं असतं. नट रोस्ट हा सुकामेव्याचा भाजलेला ठोकळा आपल्या जिभेला फिका लागतो. मोहरीची चटणी काउंटरवर असते, ती तिखट आहे, बेताने घ्या. चीज, पाव, गोडसर चटणीचा प्लाउमन्स लंच मला तरी त्यापेक्षा बरा वाटतो. वेफर्सशेजारी टांगलेली पोर्क स्क्रॅचिंग्जची पाकिटं म्हणजे डुकराची तळलेली कातडी, नाव नीट वाचून उचला.

शेकोटीजवळची जागा आधी भिजलेल्यांची. तिथे बसलं की उठवत नाही, म्हणून परतीच्या गाडीचा गजर फोनवर लावा. ईडेलला गाड्या सरसकट दर पंधरा मिनिटांनी नाहीत, एक चुकली की बराच वेळ फलाटावर काढावा लागतो. निघताना रिकामे ग्लास आणि प्लेट्स काउंटरवर नेऊन ठेवल्यात तर पुढच्या वेळी टेबल नक्की मिळेल.

घरी आल्यावर

चिखल वाळायच्या आत बूट गार पाण्याखाली ब्रशने धुवा. रेडिएटरवर ठेवू नका, चामडं तडकतं आणि तळाचा डिंक सुटतो. आतले इनसोल काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, हवेशीर जागी ठेवा. जॅकेट कपडे धुवायच्या नेहमीच्या पावडरीने धुतलं की पाणी झटकायची त्याची ताकद जाते. त्यासाठीचा वेगळा साबण मिळतो, नसेल तर नुसत्या पाण्याने पुसा. बोळे दोन-तीन तासांनी बदला, ओला कागद आत ठेवून झोपलात तर सकाळी बूट तसेच ओले.